नर्सरीच्या शेडमधले दोघे

आमची युनिट दिल्ली कँटला आली, तेव्हा मी हवालदार होतो. माझ्या सेक्शनला नाईक विलास परब होता. कुडाळकडचा, बोलायला कमी, पोहायला पक्का. बायको सुरेखासोबत तो फॅमिली क्वार्टरमध्ये राहायचा.

एका रविवारी आम्ही मयूर विहारला माझ्या साडूकडे गेलो होतो. तिथून खाली यमुनेच्या खादरात, म्हणजे काठच्या पूरपट्ट्यात, नर्सऱ्या आहेत. एका नर्सरीच्या दारात फिशटेल पामचं जुनं झाड होतं. विलास थबकला. म्हणाला, "हवालदारसाहेब, हा आमचा भेरली माड. गावाला मांडवाला ह्याचीच पानं लावतात."

मालकाने फळं न्यायला परवानगी दिली. तेव्हापासून सुट्टी असली की विलास तिकडे जायचा. वेण्यांसारखे लोंबणारे घोस. त्यातली काळपट लाल झालेली फळंच तो काढायचा. हिरवी उगवत नाहीत म्हणायचा. गर अंगाला लागला की आग होते, म्हणून रबरी हातमोजे घालून सोलायचा. बिया बादलीत भिजत घालून पाणी रोज बदलायचा. तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या ठेवायच्या. मग ओलसर काथ्याच्या भुशात घालून प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या आणि फ्रिजवर उबेला ठेवायच्या. कोंब यायला महिने लागतात. सुरेखा वैतागायची, किचनमध्ये भाजी ठेवायला जागा नाही म्हणायची. विलासला क्वार्टरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी हे माड लावायचे होते. आपली बदली होईल, झाडं राहतील, एवढंच त्याचं म्हणणं.

त्या पावसाळ्यात यमुना चढली. आमचा फ्लड रिलीफ कॉलम खादरात लागला. दोन दिवस आम्ही झोपड्यांतली माणसं, म्हाताऱ्या, शेळ्या काढत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सरीचा तो मालक बांधावर भेटला. विलासला ओळखून त्याने हात धरला.

"विलास भाई, शेड में मेरे दो लड़के फँसे हैं."

मी रेडिओवर कळवलं. सुभेदारसाहेबांचं उत्तर आलं, "दोन सिव्हिलियन, रॉजर. बोट घेऊन जा. काळजी घ्या. ओव्हर."

बोटीत आम्ही तिघं होतो: मी, विलास आणि इंजिनवर एक जवान. शेडचा पत्रा आणि दाराचा वरचा भाग तेवढा पाण्यावर दिसत होता. हाका मारल्या. उत्तर नाही. पाण्याला ओढ होती, बोट दाराशी लागेना. विलासने कमरेला दोर बांधला.

"आत माळ्यावर बेशुद्ध असतील, साहेब. मी बघतो."

तो दारापर्यंत पोचला, आत डोकावला आणि वळून ओरडला, "कोणी नाही!" परत येताना त्याचे पाय अडकले. नर्सरीवर ताणलेली हिरवी जाळी तुटून पाण्याखाली गेली होती. लाइफ जॅकेट अंगावर होतं, पण जाळीने त्याला खाली ओढलं. मी दोर खेचला, मग उडी मारून चाकूने जाळी कापली. वर घेतला तेव्हा श्वास नव्हता. बांधावर येईपर्यंत मी त्याची छाती दाबत राहिलो. तिथे आमच्या कॉलमच्या डॉक्टरसाहेबांनी माझे हात धरून बाजूला केले.

मालकाची दोन्ही मुलं सकाळपासून बांधावरच्या टपरीत होती. शेडमध्ये परदेशातून आणलेले महागडे पाम होते, कुंड्यांत. मी मालकाची कॉलर धरली. तो म्हणाला, "साहब, आदमी फँसे हैं ऐसा नहीं बोलता तो आप बोट भेजते क्या?"

मला जवानांनी ओढून नेलं. पुढे चौकशी झाली. गडबडीत आपला गैरसमज झाला, असं त्याने सांगितलं आणि ते ग्राह्य धरलं गेलं. पाणी उतरल्यावर नर्सरी पुन्हा उघडली.

क्वार्टर सोडताना सुरेखाने फ्रिजवरच्या पिशव्या माझ्या हातात दिल्या. काही बियांना कोंब आले होते. आता मी रिटायर होऊन मयूर विहारलाच राहतो. पहिल्या थंडीत बरीच रोपं मेली. उरलेली सोसायटीच्या आवारात लावली, तर पार्किंग अडतं म्हणून कमिटीने उपटून टाकली. मी पुन्हा बिया आणतो, सोलतो, भिजत घालतो. आता दुसऱ्या झाडाच्या. त्या नर्सरीकडे मी जात नाही.

गेल्या वर्षी विलासच्या गावी गेलो. शाळेसमोर त्याच्या नावाची शिळा आहे. त्यावर कोरलंय, 'दिल्लीच्या महापुरात दोघांचे प्राण वाचवताना वीरमरण'. त्याची आई मला शिळेपाशी घेऊन गेली. पदराने तिने अक्षरं पुसली आणि विचारलं, ते दोघे आता कुठे असतात, कधी आठवण काढतात का त्याची.

"काढतात, आई," मी म्हणालो.

नाईक विलास परब माणसं आहेत असं समजूनच पाण्यात उतरला. शिळेला मी सॅल्यूट केला आणि बसस्टँडकडे चालू लागलो.