तुझा काय सांगू?

आमच्या घरात गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायचं काम सासऱ्यांचं. आरती झाली की ते पुढे व्हायचे, हात जोडायचे आणि देवाशी मोठ्याने बोलायला लागायचे. तेही मालवणीत, ओळखीच्या साहेबाकडे काम घेऊन गेल्यासारखं. अमक्याची परीक्षा आसा तेका पास कर, तमकीचो गुडघो दुखता तो बरो कर, काय चुकला माकला असात तर सांभाळून घे रे म्हाराजा. प्रत्येक मागण्यानंतर मागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" एकतीस वर्षं मी हेच म्हणत आले. माझं माहेर वाकोल्याचं, मूळ गाव देशावरचं, त्यामुळे मालवणी मला भांडण्यापुरतीच येते. पण 'व्हय म्हाराजा' मात्र अस्सल येतं.

गाऱ्हाण्याआधी बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, एक पद्धत होती. चतुर्थीच्या आठवडाभर आधी ते एकेकाला एकटं गाठायचे आणि विचारायचे, "तुझा काय सांगू?" विचारल्याशिवाय कुणासाठी काही मागायचं नाही, असा त्यांचा नियम. पोरंसोरंसुद्धा त्यांना खरं ते सांगायची. माझी पाळी आली की मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, माझं काही नाही बाबा, सगळं बरं आहे. मग ते आपल्या मनाने, सुनेक चांगला आरोग्य दी, असं देवाला सांगून मोकळे व्हायचे. तेवढ्यापुरता त्यांचा नियम मोडायचा.

हे सगळं दरवर्षी गावच्या घरी चालायचं. गेल्या वर्षी मात्र गावचं घर नव्याने बांधायला काढलं होतं, नुसत्या भिंती उभ्या होत्या, म्हणून गणपती पहिल्यांदाच बोरीवलीला आमच्या फ्लॅटमध्ये आला. घर बांधायला काढलं ते आमच्या दोघांसाठी. नवरा त्याआधी तीन वर्षं रिटायर झाला तेव्हाच त्याने ठरवून टाकलं होतं: मी शाळेच्या ऑफिसातून यंदाच्या मार्चमध्ये रिटायर झाले की फ्लॅटला कुलूप लावायचं आणि बाबांना घेऊन कायमचं गावाला जायचं. मी हो म्हटलं होतं. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस यार, विहीर, आंबे, शांतता. मीही मान डोलवायचे. फरशी कुठली बसवायची हेसुद्धा मीच निवडलं होतं.

त्यात हिवाळ्यात बाबांना लकव्याचा झटका येऊन गेला. हातपाय सावरले, पण जीभ नीट वळेना. एकेक शब्द ओढून काढावा लागे. गाऱ्हाणं कोण घालणार हा प्रश्न आला. नवरा थोरला, पण चार माणसांपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मुलुंडचा दीर म्हणाला, मला मालवणी कुठे येते धड. तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "ही घालतली," एवढंच म्हणाले. घाटकोपरची नणंद कुजबुजली की बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं आपल्यात कधी ऐकलं नाही. बाबांनी तिच्याकडे असं काही बघितलं की ती थेट गणपतीच्या सामानाच्या यादीकडे वळली.

मग काय, मी पद्धतीप्रमाणे सगळ्यांना विचारत फिरले. दिराच्या मुलीला परदेशात शिकायला जायचं होतं, पण आईला अजून सांगू नको म्हणाली, म्हणजे देवाला गुपचूप सांगावं लागणार होतं. नणंदेला नवऱ्याच्या घोरण्यावर उपाय हवा होता. नवऱ्याने पेपरमधून डोकं वर न काढता सांगितलं, मार्चपर्यंत घर पुरं होऊ दे. शेवटी बाबांकडे गेले. ते बाल्कनीत बसले होते. त्यांनी एकच शब्द सांगितला, "जीभ." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठायला लागले तर त्यांनी मनगट धरलं आणि विचारलं, "तुझा?"

माझं काही नाही बाबा, सगळं बरं आहे, म्हटलं. एकतीस वर्षांची सवय.

त्यांनी मान हलवली, नाही अशी. बराच वेळ तोंड हलवून शब्द जुळवला. "बघ."

चतुर्थीला पाच दिवस होते. मी मनात म्हटलं, ठीक आहे, बघू. आता स्वतःचं ऐकायचं म्हणजे काय करायचं ते कुणी शिकवलेलं नाही. मी आपली कामं करत होते आणि डोक्यात काय चाललंय तिकडे एक कान ठेवत होते. पहिल्यांदा ऐकू आला तो रागाचा आवाज. सगळं मीच करायचं, मखर मीच, मोदक मीच, आता गाऱ्हाणंही मीच. तो इतका मोठ्याने बोलायचा की मला वाटलं, हीच खरी मी. दोन दिवस मी त्याला बोलू दिलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी जेवले, तासभर पाय पसरून पडले की तो आवाज बंद होतो. बिचारा नुसता दमलेला होता.

दुसरा आवाज माझ्या आईचा निघाला. जुळवून घे गं, माणसं चांगली आहेत. आईला जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी समजत होते हा माझा समजूतदारपणा आहे! हसू आलं मला. गाव, विहीर, शांतता हे सगळं नवऱ्याच्या आवाजात होतं, अगदी त्याच्या खाकरण्यासकट. म्हणजे घर भरलेलं, आणि घरमालकीणच बेपत्ता.

ती सापडली भाजीबाजारात. माझी नेहमीची भाजीवाली अळूची पानं निवडून देत होती. मी सहज मनात म्हटलं, हिला सांगून ठेवायला हवं, मार्चनंतर मी येणार नाही. आणि कुणीतरी आत अगदी बारीक आवाजात म्हणालं, पण मला तर यायचंय. एवढंच. रागबीग काही नाही. मी पैसे हातात धरून अशी उभी राहिले की भाजीवालीने विचारलं, काय झालं ताई, बरं वाटत नाही का?

त्यानंतर तो आवाज जागोजाग ऐकू यायला लागला. पन्नाशी उलटल्यावर मी पोहायला शिकले होते. सकाळच्या बायकांच्या बॅचमध्ये आम्ही चौघी, आडवा तलाव कसाबसा पार करायचो आणि मग काठाला धरून अर्धा तास गप्पा. मी हे सोडणार आहे? विहिरीत गप्पा मारायला कोण येणार, बेडूक? रिक्षातून नॅशनल पार्कच्या गेटवरून जाताना, वाचनालयात पुस्तक बदलताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीशी वाद घालताना तो म्हणायचा, मला इथंच आवडतं. मला बोरीवली आवडते. आपण सुखात आहोत हे मला त्या आठवड्यात कळलं. आणि कळल्याबरोबर घाम फुटला, कारण तिकडे गावाला मीच निवडलेली फरशी बसत होती.

नवऱ्याला आधी सांगायला हवं होतं, कबूल. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तो मोबाइलवर भिंतींचे फोटो बघत होता, इतका खूश की मी चहा हवा का विचारून परत आले.

चतुर्थीला आरती झाली. मी पुढे झाले. मोडक्या मालवणीत सुरुवात केली आणि गाडी चालायला लागली. बाबांची जीभ मागितली. व्हय म्हाराजा! दिराच्या मुलीच्या मनात काय आसा ता तुका ठावक आसा, ता पुरा कर. व्हय म्हाराजा! घोरणं, गुडघे, गावचं घर, सगळं झालं. शेवटी मी थांबले. बाबा खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होते.

"आणि म्हाराजा," मी म्हटलं, "आज जी तुका गाऱ्हाणा घालता, तिका गावाक ऱ्हवाक जावचा नाय. तिका हयच, बोरीवलीत ऱ्हवाचा आसा. तिची येवढी इच्छा पुरी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा, नेहमीसारखा. मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. बाबांच्या घशातून खर्रखर्र आवाज यायला लागला आणि दीर घाबरून पाण्याला धावला. पण ते हसत होते.

प्रसाद वाटून झाल्यावर नवरा स्वयंपाकघरात आला. चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. "तीन वर्षं का नाही बोललीस?" त्याने विचारलं.

"मलाच ऐकू आलं नव्हतं हो," मी म्हटलं. ते खरंच होतं. त्याने एक मोदक उचलला आणि तो बाहेर गेला.

आता घर पुरं झालंय. नवरा दोन महिने गावाला, महिनाभर इथे, असा येऊन-जाऊन असतो. बाबा माझ्याजवळ बोरीवलीत आहेत, जिभेचे व्यायाम करतात. शिव्या एकदम स्पष्ट येतात. मी सकाळी पोहायला जाते.

यंदा गणपती पुन्हा गावी. आठवडाभर आधी मी बाबांना घेऊन गेले. ते म्हणाले, गाऱ्हाणं तूच घाल. मग मी विचारत फिरले. नवरा नव्या पडवीत एकटाच बसून खिडकीला रंग देत होता. एकाच खिडकीला, किती वेळ कुणास ठाऊक. मी विचारलं, तुमचं काय सांगू?

"माझा काय नाय," ब्रश न थांबवता तो म्हणाला. "सगळा बरा आसा."

मी स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसले.

"बघा," मी म्हटलं.