तळोज्यात हातांनी पाहिलेलं इंजिन

माळशेज उतरून कल्याणमार्गे आमची जीप तळोज्यात शिरली, हे मुलांनी माझ्याआधी ओळखलं. कारखान्यांचा औषधी वास येऊ लागला होता. संगमनेरच्या आमच्या अंधशाळेतली ही चार मुलं विमानाचं इंजिन ‘बघायला’ निघाली होती. हा शब्द आम्ही शाळेत बिनदिक्कत वापरतो.

चौघांत वैदेही नवी, वय आठ. गेल्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. बाकीची तिघं जन्मापासून हातांनीच जग ओळखतात. ही मात्र अनोळखी वस्तू पुढे केली की मुठी मिटून घ्यायची. तिला विमानांचं वेड होतं, असं तिची आई म्हणाली होती. म्हणून मी हा घाट घातला.

रस्त्यात एका चहावाल्याला पत्ता विचारला. ‘विमान’ एवढं ऐकून त्याने आम्हाला नव्या विमानतळाच्या रस्त्याला लावलं. चूक कळेपर्यंत खारघर मागे पडलं होतं. परत फिरलो.

आम्हाला जायचं होतं ते विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेत. तिथल्या शिक्षिका म्हात्रे मॅडम वाट पाहत होत्या. त्या जवळच्याच आगरी गावच्या. “आदी जेवा. इंजिन कुठं पलून नाय जात,” म्हणत त्यांनी डबा उघडला. तांदळाच्या मऊ भाकऱ्या आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी. आमच्या देशावरच्या मुलांनी पाणी पीत पीत चटणी संपवली.

इंजिन एका टेबलावर होतं, एका बाजूने कापून उघडलेलं. पुढे पंखा. तिघं लगेच चाचपू लागली. वैदेही माझ्या ओढणीआड उभी राहिली.

मॅडमनी आग्रह केला नाही. त्यांनी सायकलचा पंप आणला. “हा तुला म्हाईत हाय ना?”

वैदेहीने पंप ओळखला. त्याच्या तोंडावर अंगठा ठेवला. मॅडमनी दांडा दाबला, तसा अंगठा उडाला.

“हवा परत ढकलते,” ती म्हणाली.

“तेच. इंजिनात असे चार डबे हायत. प्रत्येकात एक दट्ट्या, त्याला पिस्टन म्हनायचं. तो मागं सरकला की हवा आनि पेट्रोलची वाफ आत येते. पुढं आला की ती दाबली जाते. मग ठिणगी पडते, भडका होतो, दट्ट्या जोरात मागं फेकला जातो. परत पुढं येताना धूर बाहेर.”

“आणि पंखा?”

“दट्ट्याला दांडा हाय, दांड्यानं मधला आस फिरतो. सायकलचं पायडल मारतेस तसं. आसाच्या टोकाला पंखा. पंखा हवा मागं लोटतो, विमान पुढं जातं.”

मॅडमनी स्वतःचा हात दट्ट्यावर ठेवला आणि वैदेहीला आपल्या हातावर हात ठेवायला सांगितलं. मी पंखा हळूहळू फिरवू लागले. दोन्ही हात दट्ट्याबरोबर मागेपुढे होऊ लागले. थोड्या वेळाने मॅडमनी खालून आपला हात अलगद काढून घेतला. वैदेहीचा तिथेच राहिला.

तिची बोटं पुढे सरकली. “इथे दोन सारखी टोकं आहेत.”

“ठिणगीची. एक बंद पडली तर दुसरी चालते. वर आकाशात गाडी कडेला लावता येत नाय.”

वैदेही हसली. मग म्हणाली, “बाई, आता तुम्ही सरका. पंखा मी फिरवते.”

परतीच्या वाटेवर चौघं चार डबे झाली. एकाने श्वास घ्यायचा, दुसऱ्याने कोंडायचा, तिसऱ्याने ‘फट्’ म्हणायचं, चौथ्याने सोडायचा. पाळी चुकली की वैदेही सगळ्यांना थांबवून पहिल्यापासून सुरू करायची.

मुलांना वस्तूपर्यंत न्यायची मला नेहमी घाई असते. मूल आणि वस्तू यांच्या मध्ये कधी कधी आधी एका माणसाचा हात लागतो, हे घाट चढताना मनात घोळत राहिलं.

शाळेच्या फाटकाशी वैदेहीची आई उभी होती. वैदेही उतरली, आईचा हात शोधला, त्याची मूठ वळली आणि आपल्या तळव्यांत धरून मागेपुढे करू लागली. “आई, आता हवा आत आली. आता दाबली. तू घट्ट धर हं.”

दोघी फाटकातच उभ्या होत्या. ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता जीप बंद केली.