माझ्या वर्गात सगळ्या सारख्या

मी मारकुटी बाई होते. कायद्याने बंदी आहे हे ठाऊक असूनही पनवेलच्या मुलींच्या शाळेत पाचवीला शिकवताना पट्टी वापरायचे. मी ऑफिसात ऑनलाइन माहिती भरायला गेले की वर्गाची मॉनिटर आवाज करणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहायची. परत आल्यावर मी एकेकीच्या तळव्यावर सणसणीत पट्टी ओढायचे. कोण, का, काही विचारायचं नाही.

जूनमध्ये जवळच्या आपटा गावाहून एक मुलगी आली. जन्मापासून कमी ऐकू येणारी, कानाला मशीन. तिची आई म्हणाली, "बाय, हिला दुसरी शाला नाय. तुमीच संबाला." मी फुशारकीने म्हटलं, "काळजी करू नका. माझ्या वर्गात सगळ्या सारख्या."

तिथेच घात झाला. लिहिताना ती घशातून हुंकार काढायची, आणि तिचा तिलाच तो ऐकू यायचा नाही. मॉनिटर रोज तिचं नाव लिहायची, मी रोज मारायचे. तिला सोडलं तर भेदभाव होईल, हे माझं शहाणपण! आपण मार कशाचा खातोय, हेच त्या पोरीला कळत नव्हतं.

एकदा मधल्या सुट्टीत नळांपाशी आरडाओरडा ऐकून धावले. चौघींनी तिला भिंतीशी दाबून धरलं होतं आणि मॉनिटर फूटपट्टीने सपासप मारत किंचाळत होती, "गप्प बस! गप्प बस म्हटलं ना!" मशीन ओढून काढून बुटाखाली चिरडलेलं. कानामागून रक्त. माझं डोकंच फिरलं. एकीला वेणीला धरून बाजूला फेकलं आणि मॉनिटरच्या अशी थोबाडीत दिली की ती नळावर आदळली, ओठ फुटला.

हमसून हमसून रडत ती म्हणाली, "बाई, तुम्हीच तर रोज मारता हिला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्या पोरीची आई आली. आता पोरीचं नाव काढून नेणार, म्हणून मी हात जोडले. "माझं चुकलं. तिला काढू नका." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पोरीचे तळवे उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, "काढून नेऊ कुठं? शिकाचा हाय तिला. पन उद्यापासून मी दारान बसन."

आणि बसली. भाजी विकायचं सोडून, रोज सकाळच्या एसटीने येऊन. पोरींना वाटायचं, ती त्यांच्यावर लक्ष ठेवते. तिची नजर माझ्या हातावर असायची. हात शिवशिवायचा, खोटं कशाला बोलू! पट्टी गेली, फळ्यावरची नावं गेली. त्या पोरीसमोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोलायला मी शिकले, पोरी माझ्याआधी शिकल्या. मॉनिटरची मी वर्गासमोर माफी मागितली. तिने काही दिली नाही, वर्षभर माझ्याशी तोडूनच बोलली.

निकालाच्या दिवशी मी त्या आईला म्हटलं, "आता सगळं नीट आहे. पुढल्या वर्षी तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

पिशवी उचलत तिने विचारलं, "सहावीला बाय कोन हाय?"

"मीच."

"मंग येन मी."