आधी स्क्रिप्ट आणून द्या

वीस मिनिटं! चौदा वर्षं मी बहारीनमध्ये मराठी मंडळाचं नाटक बसवतोय, आणि यंदाच्या गणपतीत कमिटीने ग्रुपवर मेसेज टाकून मला वीस मिनिटं दिली. मुलांचा फॅन्सी ड्रेस संपल्यावर आणि मुंबईहून येणारा ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी, म्हणजे लोक जेवणाच्या रांगेत उभे असताना. मेसेजखाली हात जोडल्याचं चित्र. डोंबलाचे हात जोडताय!

माझं नाटक दोन अंकी, स्वतः लिहिलेलं. मार्चमध्ये माझा कॉन्ट्रॅक्ट संपतोय, मग गाशा गुंडाळून पुण्याला. म्हणजे हे इथलं शेवटचं. ते तीन घंटा देऊन, मध्यंतरासकट, पूर्ण व्हावं एवढंच माझं मागणं होतं. तालमी कशा केल्या ते माझं मला माहीत. नायिका मुहर्रकहून यायची, विमानतळावरची ड्यूटी संपवून, युनिफॉर्मवरच. नायकाची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे निम्म्या तालमींत तिच्यासमोर प्रेमाचे संवाद मीच म्हणायचो, आणि माझी बायको आतून कुकरची शिट्टी झाली की मुद्दाम टाळ्या वाजवायची. उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला उभा करून आम्ही तीन महिने घाम गाळला. आणि त्याचं फळ काय, तर वीस मिनिटं.

त्या संध्याकाळी मी घरात आदळआपट करत होतो. मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. ती सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

“बाबा, कॅन यू प्लीज शाऊट इन द अदर रूम?”

तिला शाळेचा इतिहासाचा प्रोजेक्ट होता. विषय काय, तर विसाव्या शतकातल्या ब्रिटनमधली लोकांची करमणूक आणि बदलतं समाजजीवन; पहिलंच प्रकरण, म्युझिक हॉल का बंद पडले. माझं डोकं आणखीच फिरलं. म्हटलं, वा गं वा! तिकडचे म्युझिक हॉल बंद पडले म्हणून तुला हळहळ, आणि इथे बापाचं नाटक डोळ्यांदेखत बंद पडतंय त्याचं कुणाला काही नाही.

“जस्ट लिसन,” ती म्हणाली, आणि वाचून दाखवायला लागली. म्युझिक हॉल म्हणजे कामगारवस्तीतली थिएटरं. गाणी, नकला, कसरती, लोकही मोठ्याने सोबत गायचे. मग सिनेमा आला. सुरुवातीला त्याला कार्यक्रमाच्या शेवटी जागा मिळायची, लोक कोट चढवून घरी निघालेले असताना. काही वर्षांनी सगळं उलटं झालं. सिनेमा मुख्य, आणि गाणारे-नाचणारे दोन सिनेमांच्या मध्ये भरीला. पुढे टीव्ही आला, लोक घरीच बसले, आणि त्या थिएटरांमध्ये बिंगो सुरू झाला.

मी ताडकन उठलो. भरीला! अहो, हेच तर माझं झालं होतं. मी तिला म्हटलं, शुक्रवारी कमिटीची मीटिंग आहे, तू यायचं आणि हे तिथे वाचायचं.

“बाबा, धिस इज नॉट अबाउट यू.”

“माझ्याबद्दलच आहे. यल्ला, चल म्हटलं की चलायचं.”

आली बिचारी. मंडळाच्या हॉलमध्ये पंधराएक माणसं होती, बहुतेक आमच्यासारखीच, बँकेतली, ऑडिटमधली, प्लँटवरची. मागच्या खुर्चीवर मंडळाचा सेट लावणारा ड्रायव्हर बसला होता. तो मालवणकडचा, मआमीरच्या लेबर कॅम्पात राहणारा, पडद्याच्या दोरीपासून लाइटपर्यंत सगळं त्याच्या हातात. मुलगी उभी राहिली आणि अडखळत, पण चक्क मराठीत बोलली. मला गहिवरून आलं. अध्यक्षही मान डोलावत होते. माझं काम झालंच होतं. तिने तिथेच थांबायचं होतं.

पण प्रोजेक्टचं पुढचं पान उरलं होतं. ते तिने घरी वाचलं नव्हतं, किंवा मीच पुढे ऐकलं नव्हतं. ब्रिटनमध्ये साठच्या दशकापर्यंत प्रत्येक नवं नाटक आधी लिहून राजवाड्यातल्या एका अधिकाऱ्याकडे पाठवायला लागायचं. त्याने पास केलेलीच वाक्यं स्टेजवर बोलायची. नटाने आयत्या वेळी पदरची वाक्यं घातली तर कोर्टात खेचायचे.

“काय मूर्ख लोक!” मीच म्हणालो. मोठ्याने.

खजिनदार हसायला लागला. “अहो, तुम्ही तेच केलं होतंत की! त्या दशावतारवाल्यांना नाही का म्हणालात, आधी स्क्रिप्ट आणून द्या?”

हॉलभर हशा. मी मागे बघितलं नाही. खरं होतं ते. दहा वर्षांपूर्वी मी सांस्कृतिक सचिव असताना हा ड्रायव्हर आणि कॅम्पातली सहा-सात माणसं आली होती. वेल्डर, सुतार, एक जण हॉटेलात भांडी घासणारा. म्हणाले, आम्ही गणपतीत दशावतार करतो. मी म्हटलं, संहिता द्या, कमिटी वाचेल, मग बघू. ते एकमेकांकडे बघायला लागले. दशावतारात संवाद कुठे लिहिलेले असतात! कथा ठरलेली, बोलणं तिथल्या तिथे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नियम म्हणजे नियम, आणि खरं सांगायचं तर मला ते आपल्या स्टेजवर नकोच होते. स्क्रिप्ट नाही म्हटल्यावर सुटलो, असं वाटलं होतं मला.

हशा थांबल्यावर अध्यक्ष म्हणाले, “असू दे, यांचं शेवटचं वर्ष आहे, नाटक पूर्ण होऊ द्या. ऑर्केस्ट्रा दुसऱ्या दिवशी.” सगळ्यांनी हात वर केले. ड्रायव्हरनेसुद्धा केला. मी जिंकलो होतो, आणि लाज वाटून मला कुणाकडे बघवेना.

खाली पार्किंगमध्ये त्याला गाठलं. म्हटलं, ऑर्केस्ट्राच्या दिवशी सुरुवातीचा एक तास मी तुम्हाला मिळवून देतो. कितीही भांडावं लागलं तरी देतो. करा दशावतार. स्क्रिप्ट-बिक्रिप्ट काही नको.

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“आता कोण करतलो, साहेब? पेटी वाजवणारो गावाक गेलो. पखवाजवालो कुवेताक. राजा व्हायचो तो गेल्या वर्षी वारलो. मी एकटो ऱ्हवलंय. एकट्यान दशावतार करूचो कसो?” मग खांद्यावरची दोरी सावरून म्हणाला, “तुमचा नाटक झ्याक होऊंदे. सेट कधी लावूचो ता सांगा.”

गाडीत बसल्यावर मुलीने विचारलं, तो काय म्हणाला. मालवणी तिला कळली नव्हती. मी सांगितलं. मग पहिल्यांदाच, मी न सांगता, मराठीत म्हणाली, “बाबा, ते दशावतारात काय करायचे? कसं असायचं? मला लिहायचंय.”

मी चौदा वर्षं नाटकं बसवलेला माणूस. मआमीर आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. ते लोक तिथे कॅम्पात वर्षानुवर्षं करत होते. मी एकदाही गेलो नव्हतो.