डोंगराकडं कोणी पळायचं?

मी आज जो काही आहे तो आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांमुळे. जत तालुक्यातल्या आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरात मी पहिला पदवीधर. सांगलीला माझ्या कॉलेजसाठी, वसतिगृहासाठी लोकांपुढे हात जोडले ते त्यांनी. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं कडू आहे.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कसं वाचायचं तेही त्यांनीच शिकवलं. रविवारच्या शाळेत ते प्रेषिताचं तुरुंगातलं पत्र वाचायचे. त्यात प्रेषित आपल्या साथीदाराला कळवतो, की माझा झगा तिकडं राहिलाय, येताना घेऊन ये. साहेब थांबून विचारायचे, "काय रं, कोण जातंय झगा आणायला?" आम्ही हसायचो. मग ते म्हणायचे, "वचन आपल्यासाठी हाय. पण ते पयलं कुणाला सांगितलं ते बघायचं, मग आपल्यावर घ्यायचं."

पुढे त्यांच्या हातात मोबाईल आला. दिवसभर युद्धाचे, भूकंपाचे व्हिडिओ बघायचे आणि रविवारी चर्चमध्ये फक्त जगाच्या शेवटच्या काळावर बोलायचे. शेवट जवळ आला की यहूदिया देशात असतील त्यांनी डोंगराकडे पळावं, या भागावर एकदा त्यांचं प्रवचन झालं. मागून एका म्हातारीने विचारलं, "आवं साहेब, आपल्याकडं कुटला डोंगर? शिराळ्याची यष्टी धरायची का?" मंडळी हसली. साहेब हसले नाहीत.

त्याच सुमारास धाकट्या बहिणीचा मिरजेला नर्सिंगला नंबर लागला. आमचे वडील, आबा, साहेबांना विचारायला गेले. त्यांना विचारल्याशिवाय आमच्या घरात काही होत नसे. माझं शिक्षणही त्यांच्याच शब्दावर झालं होतं.

"किती वर्सं शिकायचं?" साहेबांनी विचारलं.

"चार म्हणत्यात."

"तेवढी हायत कुठं आता? पोरगी घरात प्रार्थनेत राहू दे."

आबांनी ऐकलं. मी साताऱ्याला नोकरीला होतो, तिथून रजा काढून गेलो आणि साहेबांच्या ओट्यावर बसलो.

"साहेब, ते पळायचं वचन मंदिरासमोरच्या डोंगरावर बसलेल्या चार शिष्यांना सांगितलं होतं. मंदिर त्यांच्या डोळ्यांपुढचं, शहर त्यांचं. ते पडलंसुद्धा, त्यांच्याच पिढीत. आपण त्यातनं जागं राहायचं एवढं घ्यावं. मिरजेचं कॉलेज त्यात कुठनं आलं?"

"लय शिकलास."

"तुमीच शिकवलं."

"मी अक्षरं शिकवली. आत्मा न्हाई शिकवता आला."

समोर चर्चच्या नव्या स्लॅबचं सेंट्रिंग लागलं होतं. मी तिकडे बोट केलं. "येळच न्हाई तर स्लॅब कशाला, साहेब? पत्रा बास की."

"ते देवाचं काम हाय," म्हणाले आणि आत गेले. पाळकीणबाईंनी दोन कप चहा आणला. मी एकट्याने प्यालो.

प्रवेशाची तारीख निघून गेली. बहीण भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, तुझ्या टायमाला शेवट लांब हुता व्हय रं?"

साताऱ्याला परतल्यावर मी साहेबांना पोस्टाने पत्र पाठवलं. फोनवर माझा आवाज चढला असता.

"आदरणीय साहेब, सलाम. तुमचे उपकार आहेत म्हणून शब्द जपून लिहितो. ती शेवटाची घटका कोणालाच ठाऊक नाही, हे तुम्हीच आम्हाला वाचून दाखवलंत. मग ती माझ्या बहिणीच्या चार वर्षांच्या आत आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ज्यांना ते शब्द सांगितले ती माणसं घाबरलेली होती, त्यांना धीर हवा होता. तुम्ही त्याच शब्दांनी एका मुलीची वाट अडवलीत. आबा माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. पुढच्या प्रवेशाआधी घरी जाऊन त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा, 'माझं चुकलं.' गेला नाहीत तर मी तिला इकडे आणून शिकवीन. आबा माझ्याशी बोलणं सोडतील, ते मी सोसेन. तुमच्याकडे मात्र मी पुन्हा येणार नाही.

तुमचा विद्यार्थी."