नाक्यावर राहिलेले चेहरे

हिंगोलीच्या जिनिंगमध्ये मी कापसाच्या गाड्या तोलून घ्यायचो. गाडी रांगेत लागली की शेतकरी दिवसभर अडकून पडायचा. तो गाडीला टेकून डुलक्या घ्यायचा आणि मी काट्याआडून त्याचा चेहरा पेन्सिलीनं कागदावर उतरवायचो. चेहरे व्हायचे, पण माणूस ओळखू यायचा नाही.

महिन्याकाठी ती चित्रं घेऊन मी वाशीमला एका ड्रॉइंग मास्तरांकडं जायचो. ते एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून चूक दाखवत. मी डोळे फार वर काढतो, त्यामुळं माणसाला कपाळच उरत नाही, हे त्यांनीच सांगितलं. आधी नाकापासून कानापर्यंतचं अंतर नजरेनं मोजा, मग डोळ्याला हात घाला, असं ते म्हणत. हळूहळू फरक पडला. हट्टा गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं चित्र हमालांनी बघताक्षणी ओळखलं, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

वाशीम वऱ्हाडात आणि हिंगोली निजामाच्या मुलखात, मध्ये कनेरगावचा नाका. सत्तेचाळीस साल सरता सरता तिथली झडती कडक झाली. निजामाविरुद्ध उठलेली पोरं सरहद्दीपलीकडं जाऊन राहिली होती, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकावर नाकेवाल्यांचा डोळा होता. एकदा वाशीमला जाताना नाक्यावरच्या जमादारानं माझी चित्रांची गुंडाळी सोडली. ही माणसं कोण, ह्यांचे चेहरे पलीकडं कुणाला पोचवतोस, असं तो विचारत राहिला. चुका दाखवून घ्यायला चाललोय, म्हणालो. ते ऐकताना माझं मलाच खोटं वाटलं. त्यानं मला बाजेवर बसवलं.

"मेरी सूरत निकाल," तो म्हणाला.

मी नाक-कानाचं अंतर धरलं आणि काढत गेलो. चित्र बघून शेजारच्या शिपायानं हसू दाबलं, तेव्हा मी खरंच चित्रं काढणारा आहे, अशी जमादाराची खात्री पटली असावी. त्यानं मला हिंगोलीला परत धाडलं. कागद मात्र सगळे ठेवून घेतले, त्याचा स्वतःचाही.

ही गोष्ट माझ्याआधी जिनिंगमध्ये पोचली. मी पोलिसांना चेहरे पुरवतो, असं लोक बोलू लागले. मला बघून गाडीवान तोंडावर उपरणं ओढायचे. शेजारच्या गावातला एक जण पकडला गेला. त्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी ते माझ्याच पेन्सिलीवर आलं. हट्ट्याचा म्हातारा तर थेट काट्यापाशी आला.

"माझं तोंड कोनाला देलं, भाऊ?"

मी खरं ते सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण मान काही हलली नाही.

मग मीही संशय घ्यायला लागलो. मी चित्रं घेऊन येतोय, हे जमादाराला आधी कुणी सांगितलं असेल? मी वाशीमला कधी जातो हे स्टेशनाजवळच्या पेंटरला ठाऊक असायचं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि निघण्याआधी मी त्याला चित्रं दाखवायचो. आता मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं.

एका दुपारी तोच जिनिंगमध्ये आला, कापसाच्या गठाणीवर बसला आणि न विचारता माझं चित्र काढू लागला. काढून झाल्यावर कागद माझ्यासमोर धरला. बारीक केलेले डोळे, पुढं ताणलेली मान, डाव्या हातानं झाकलेला कागद. असा माणूस माझ्याकडं बघत असता तर मीही तोंड झाकलं असतं.

"तुमी लोकांकडं असं बघून राहिलात, भाई. चोरून काढता म्हनून चोर दिसता. कागद उघडा ठेवा."

नाक्यावर तुम्ही कळवलं का, असं मी सरळ विचारलं. नाही म्हणाला.

"चित्र बराबर हाय का, ते सांगा."

कान जरा खाली आलाय, म्हणालो. त्यानं तो खोडून पुन्हा काढला. त्याच्या 'नाही'वर माझा निम्माच विश्वास बसला होता, चित्रावर मात्र पुरा.

हंगाम संपत आला तेव्हा हट्ट्याची गाडी पुन्हा आली. मामा, सगळ्यांदेखत काढू का, असं मी म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं बराच वेळ घेतला, मग समोर बसला. मी कागद गुडघ्यावर उघडा ठेवला. भोवती गाडीवान जमले. मिशी अजून खाली पाहिजे, डावा डोळा बारीक हाय त्याचा, असं एकेक जण सांगू लागला. मी खोडत, सुधारत गेलो. झाल्यावर कागद त्याच्या हातात दिला.

"व्हय, हा मीच हाय," तो म्हणाला.

मग तो चहावाल्याच्या चुलीपाशी गेला, कागद आत सारला आणि पुरता जळेपर्यंत तिथंच उभा राहिला. मला वाईट वाटलं.

परत येऊन त्यानं बैल जुंपले. मागच्या गाडीचा माणूस खाली उतरला आणि तोंडावरचं उपरणं काढून माझ्यासमोर बसला.

निजामाचं राज्य गेल्यावर मी कनेरगावला जाऊन आलो. चौकी रिकामी होती. तिथले कागद कुणी नेले, कुठं नेले, हे सांगणारं कुणी भेटलं नाही.