न हरवलेल्या कुत्र्याचा शोध

मुलगा डॉक्टरकीच्या परीक्षेच्या शिकवणीसाठी लातूरच्या होस्टेलला गेला, तेव्हा घरात त्याच्या दोनच जित्याजागत्या खुणा उरल्या. एक गिअरची सायकल आणि एक कुत्रा. सायकल जिती नसते हे मलाही कळतं. पण ती अंगणात उभी असली की तो आत्ता बाहेर येईल असं वाटायचं, म्हणून तिलाही त्यात धरलं. पहिले काही आठवडे मी दोघांकडं नुसती बघत बसले. मग एका रविवारी सायकलच्या चाकातली हवा गेलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. गंजायचं तर मी गंजेन, म्हटलं, सायकल कशाला? पंप शोधला, हवा भरली, सलवार घोट्याशी सुतळीनं बांधली आणि नळदुर्गच्या दिशेनं निघाले. कुत्रा मागं पळत आला.

आमचं घर जळकोटला, हमरस्त्यापासून जरा आत. मी गावातल्या पोस्टात काम करते. नवरा पुण्याला कंपनीत आहे. महिन्यातून एकदा येतो, दोन दिवस झोपतो आणि जातो. त्याला बोल लावत नाही, रात्रपाळी करणारा माणूस झोपणारच. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे घरात मी, सासरे आणि कुत्रा. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा मुळात अबोल, आणि जे काही बोलतात ते कुत्र्याशी, तेही कानडीत. या घरात सगळ्यांना कानडी येतं. मी परंड्याकडची. मला 'बा इल्ली' म्हणजे 'इकडं ये' एवढंच कळतं, तेही कुत्रा उठून जातो म्हणून. तर आमच्या घरात गप्पा होत नाहीत असं नाही. त्या मला कळत नाहीत, इतकंच.

कुत्रा गावठी, तपकिरी, एक कान पडका. मुलगा तिसरीत असताना त्याला दप्तरात घालून घेऊन आला होता. "ह्यो पाव्हणा किती दिस ऱ्हाणार?" मामांनी विचारलं, आणि तेव्हापासून त्याचं नाव पाव्हणाच पडलं.

ट्रायथलॉन हा शब्द मला फोनवरच्या एका व्हिडिओनं शिकवला. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि उतरलं की लगेच पळायचं. मध्ये बसून चहा प्यायचा नाही. त्यात माझ्याच वयाची एक बाई होती, पोट सुटलेली, सगळ्यांच्या शेवटी आली आणि हसत होती. मला तिचा हेवा वाटला. शेवटी येऊनही कुणीतरी तिची वाट बघत थांबलं होतं, म्हणून असेल. सोलापूरकडं हिवाळ्यात अशी एक छोटी स्पर्धा असते असं कळलं, आणि मी कुणाला न विचारता ठरवून टाकलं. विचारायला तरी कोण होतं?

पोहायला मला येत होतं. लहानपणी पाठीला डबा बांधून भावांबरोबर विहिरीत शिकले होते. आता मामांच्या शेतातल्या विहिरीत उतरायचे, दुपारी, रान रिकामं असताना, अंगभर कपड्यांनिशी. विहीर गोल, म्हणून पोहणंही गोल, घाण्याच्या बैलासारखं. पाव्हणा काठावरून माझ्याबरोबर फेऱ्या मारत भुंकायचा. त्याच्या समजुतीनं मी रोजच बुडत होते. एकदा सोलापूरला जलतरण तलावात जाऊन बघितलं, तर मला सरळ जाताच येईना. डावीकडं वळत वळत मी शेजारच्या गृहस्थांच्या अंगावर गेले. "मॅडम, निघालात कुठं?" त्यांनी विचारलं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

सायकलला आमच्याकडं कारण लागत नाही, पिशवी लागते. हँडलला पिशवी अडकवली की बाई कामाला निघाली. पळायला मात्र कारण लागतं. चाळिशी ओलांडलेली बाई रस्त्यानं पळताना दिसली की लोक आधी तिच्यामागं कोण लागलंय ते बघतात, आणि कुणीच नसलं तर घरात काय झालं म्हणून विचारतात. माझं कारण चार पायांचं होतं. पुढं पाव्हणा, हातात साखळी, मागं मी. "कुत्रं लई वढतंय वाटतं," लोक म्हणायचे. "व्हय, ऐकतच न्हाय," मी म्हणायचे, आणि दोघं मिळून पुढच्या फाट्यापर्यंत जायचो. आठवडाभर मी ज्याच्याशी सर्वांत जास्त बोलायचे तो हाच. तो थांबून वास घ्यायचा, मी धापा टाकायचे. परत निघताना तो एकदा मागं वळून मी येतेय का बघायचा. तेवढं बघणं मला दिवसभर पुरायचं.

पावसाळा संपता संपता तो मागचा पाय उचलून चालायला लागला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, खुबा झिजलाय, आता पळवायचं नाही. फिरवलं तर दारापुढं, तेवढंच.

माझं सगळंच अडलं. पाव्हणा नाही तर पळणं नाही, आणि पळणं नाही तर स्पर्धा कसली? दोन दिवस घरात बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं साखळी हातात घेऊन निघाले, आणि हातात ती रिकामी साखळी आहे हे रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं. समोरून दुधाची किटली घेऊन येणारे शेजारी मोटरसायकल हळू करून म्हणाले, "काय ओ, कुत्रं सुटलं काय?"

"व्हय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग पळा की, लांब जाईल त्ये!"

मी पळाले. दुसऱ्या दिवशी तर साखळी हलवत, "पाव्हण्या! अरे पाव्हण्या!" अशा हाका मारतच पळाले. कारण आयतं मिळालं होतं. कुत्रा शोधणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही, आणि ती कितीही वेगानं पळाली तरी शोभतं.

फक्त एक गोष्ट मी विसरले होते. आमच्या भागात काही हुडकत असलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायची रीत नाही. माहीत नसलं तरी काहीतरी सांगायचंच. चहाच्या टपरीवाले म्हणाले, "आत्ताच गेलं बगा, त्या उसात शिरलं." ऊसतोडीच्या बायकांनी त्याला ओढ्याजवळ पाणी पिताना बघितलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याला थेट नळदुर्गच्या किल्ल्यापाशी बघितलं होतं, पडक्या कानासकट. ज्या वेळी हे सगळे त्याला गावभर बघत होते, त्या वेळी पाव्हणा मामांच्या खाटेखाली घोरत होता. एका भल्या माणसानं भलताच कुत्रा पोत्याच्या दोरीनं बांधून पोस्टात आणला. तो बिचारा टपालाच्या पिशव्यांवर पाय वर करणार तेवढ्यात मी त्याला बाहेर नेऊन सोडला. खिडकीशी आलेल्या एका आजीनं सांगितलं, "नळदुर्गच्या खंडुबाला नवस बोला बाई, कुत्रं त्येचंच असतंय." मी मान हलवली. हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं या गावात राहून इतकी माणसं माझ्याशी कधी बोलली नव्हती.

रविवारी सकाळी मुलाला होस्टेलमध्ये फोन मिळतो. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पाव्हणा कसाय? दाखव ना." मी फोन कुत्र्याच्या तोंडासमोर धरायचे. तो पलीकडून शीळ घालायचा, हा शेपटी आपटायचा, आणि माझा हात अवघडून जायचा. मग "जेवलास का" आणि "व्हय, जेवलो" झालं की वेळ संपायची. मला त्याचं तोंडसुद्धा नीट दिसायचं नाही, कारण पडदा कुत्र्याकडं असायचा.

एके दिवशी दाट धुकं होतं. तुरीच्या रानाजवळ पोचले तेव्हा पुढचं काही दिसत नव्हतं, मागचंही नाही. टपरी मागं राहिली होती आणि ऊसतोडीवाले अजून आले नव्हते. आणि मी ओरडत होते. "ये रे! कुठं गेलास? ये की घरी!" थोड्या वेळानं लक्षात आलं, ऐकायला इथं कुणीच नाही, तर मग मी कुणाला दाखवायला ओरडतेय? तरी हाक थांबेना. पाव्हण्याला मी कधी 'घरी ये' अशी हाक मारली नव्हती. तो घरीच होता. घरी नव्हता तो दुसराच. मी बांधावर बसले आणि ओढणी तोंडावर धरून रडले. घाम आणि रडणं एकत्र झालं की नाक पुसता पुसता जीव जातो.

घरी आले तर मामा खाटेवर बसले होते. शेजारी फोन, पायाशी पाव्हणा.

"सकाळधरनं चौघांचा फोन आला," ते मराठीत म्हणाले. माझ्याशी इतकं लांब वाक्य ते क्वचितच बोलतात. "कुत्रं हितं माज्या पायापाशी झोपलंय, अन् समदं गाव त्याला हुडकाया लागलंय. काय भानगड हाय ही?"

खोटं सुचेना. "मामा, मला पळायचं असतंय," मी म्हणाले.

"कुटं?"

"कुटंच न्हाय. नुसतं पळायचं. मग बरं वाटतंय."

स्पर्धेचं नाव तोंडात आलंच नाही. मामांनी जरा वेळ माझ्या बुटांकडं बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, "मग पळ की. त्या मुक्या जनावराच्या नावावर कशापायी पळतीस? तुला तोंड न्हाय व्हय?"

मग ते वाकून कुत्र्याशी कानडीत काहीतरी बोलले आणि उठून गोठ्याकडं गेले.

पुढच्या रविवारी मी साखळी खुंटीलाच ठेवली. पाव्हणा दारापर्यंत लंगडत आला आणि उंबऱ्यावर बसून राहिला. त्याच्याकडं वळून बघायची हिंमत झाली नाही. रस्त्यावर माझे मोकळे हात मलाच परके वाटत होते. टपरीवाल्यांनी विचारलं, "सापडलं का ओ कुत्रं?"

"हरवलंच नव्हतं," मी म्हणाले. "मी पळायला येते. उगं खोटं बोलत होते."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि दूध उतू जाईल म्हणून वळले. झालं. एवढ्याचसाठी मी आठवडेच्या आठवडे घसा फोडला होता. पुढं ऊसतोडीच्या बायकांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मला कुणी अडवलं नाही, पण कुणी काही सांगितलंही नाही. मी पळत राहिले. इतकं मोकळं आणि इतकं एकाकी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

फाट्याच्या अलीकडं फोन वाजला. मुलाचा होता. एरवी त्याचा फोन येईपर्यंत मी घरी पोचलेली असते.

"पाव्हणा कसाय? दाखव ना."

"तो घरी आहे, आजोबांपाशी. पाय दुखतोय त्याचा, पण बरा आहे."

"मग तू कुठंयस?"

"रस्त्यावर. पळायला आलेय."

"एकटीच?"

"व्हय." मी थांबले. श्वास जाग्यावर येत नव्हता. पडदा आज माझ्याकडंच होता आणि त्याचं तोंड मला नीट दिसत होतं. गालाची हाडं वर आली होती. जेवलास का, हे ओठावर आलेलं मी गिळलं. "तू गेल्यापासून मला करमत न्हाय रे," मी म्हणाले. "अजिबात करमत न्हाय."

त्याच्यामागं कुणाची तरी बादली आपटली, कुणीतरी आंघोळीचा नंबर ओरडून सांगितला. त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं.

"मला बी न्हाय करमत, आई," तो म्हणाला.

मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.